विनोदी चित्रपटाच्या दुसऱ्या भागात बायका वाढल्या, पण कुठल्या?

तापीकाठ (चोपडा)
हेमंत ढोमे यांचा ‘झिम्मा २’ २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आला, तेव्हा आमच्याकडच्या भिशीच्या बायका एकगठ्ठा तिकिटे काढून जळगावला गेल्या होत्या आणि मनसोक्त हसून आल्या, याचा मला आनंदच आहे. इंदूच्या पंचाहत्तरीसाठी पहिल्या भागातल्या मैत्रिणी पुन्हा इंग्लंडला जातात. वयस्कर बाईभोवती असे कथानक बांधणे मराठीत फारसे घडत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. पहिला भाग चाललेला असल्याने दुसऱ्या भागात धाडस परवडते, तरीही नव्याने आलेल्या पात्रांची ऐपत आणि राहणी जुन्यांसारखीच राहिली. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत निंदणीला जाणारी बाई, धडगावची पावरा आदिवासी मुलगी किंवा भुसावळची मुसलमान शिक्षिका या मैत्रिणींच्या घोळक्यात का नसावी?

धुळेकर
ताई, परदेशच्या सहलीचा खर्च पेलणाऱ्याच बायका त्या कथेत असणार. गरज नसताना पात्र घुसवले तर ते शोभेपुरते उरते आणि प्रेक्षकाला ते लगेच कळते. शिवाय किती पल्ला गाठला तेही पाहा. ‘अगं बाई अरेच्चा!’ (२००४) मध्ये बायकांच्या मनातले ऐकू येणारा नायक पुरुष होता. २०१५ च्या दुसऱ्या भागात केंद्रस्थानी सोनाली कुलकर्णी आल्या. ‘झिम्मा २’ मध्ये निर्मिती सावंत आणि रिंकू राजगुरू सासू-सून म्हणून एकत्र सहलीला निघतात. मालिकांनी ज्या नात्याचे केवळ भांडण करून ठेवले, त्यातून खेळकर विनोद काढणे मला मोलाचे वाटते.

अमळनेरकर
भाऊ, सासू-सुनेबद्दल आपले म्हणणे पटते, खर्चाचे पटत नाही. धडगावची मुलगी सहल कंपनीत नोकरीला असू शकते आणि भुसावळची शिक्षिका स्वतःच्या पगारावर इंग्लंड पाहू शकते. या बायका परदेशी जाणारच नाहीत, असे आपण आधीच धरून चालता. मला बोलीबद्दलही सांगायचे आहे. “कथा जाई राहिनी व माय?” (कुठे चाललीस गं बाई?) असे एखादे पात्र विचारते आणि चित्रपटगृह हसते, तेव्हा प्रश्नात विनोद काहीच नसतो, हसू अहिराणीलाच आलेले असते. तीच बाई चार वाक्ये पुढे जाऊन पुणेकर मैत्रिणीची फिरकी घेईल आणि प्रेक्षक तिच्या बाजूने हसतील, असा प्रसंग मला मुख्य प्रवाहात हवा आहे. पात्रांची नुसती संख्या वाढवून हे साधणार नाही.

धुळेकर
सहल कंपनीतल्या मुलीचा मुद्दा मान्य. अहिराणीबाबत मात्र मी साशंक आहे. बोलीचा लहेजा विनोदाचा जुना आधार आहे. मालवणीने रंगभूमीवर स्वतःच्या बळावर हसवले, आणि मच्छिंद्र कांबळींच्या ‘वस्त्रहरण’ला मालवणी न कळणाऱ्यांनीही गर्दी केली. ते नाटक त्या मातीतल्या माणसांनी उभे केले होते. मुंबईच्या लेखकाकडून आपण ती अपेक्षा का ठेवावी?

तापीकाठ (चोपडा)
कारण तिकिटाचे पैसे आमच्याही पदराचे असतात. आपल्याकडच्या लेखिकांनी लिहावे, हे खरेच. पण मुंबईच्या निर्मात्याने पटकथेच्या टप्प्यावरच त्यांना बोलवावे, चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी उच्चार सुधारून घेण्यापुरते नव्हे.