मदत हवी आहे: विंग्सचा गोड-तिखट सॉस चिकटंना, पातळ व्हायलाय

मंडळी, परभणीत बसून कोरियन टाईपचे विंग्स करायलोय, हसू नका. रविवारी भाचा यायलाय पुण्याहून, त्याला ते लाल चकचकीत, बोटं चाटायला लावणारे विंग्सच पाहिजेत, मामाचा रस्सा म्हणे नेहमीचाच है. तळायचं जमतंय, कोपऱ्यावरचा चिकनवाला नुसते पंख वेगळे काढून देतो. अडलंय सगळं सॉसवर.

सध्या लसूण-अद्रक बारीक चिरून तेलात परततो, मग चार चमचे सोया सॉस, दोन चमचे व्हिनेगर, लिंबाएवढा गूळ, बेडगीचं तिखट, अर्धी वाटी पाणी, अन उकळी आली की कॉर्नफ्लोअर. कढईत दाट दिसतो पण विंग्स घोळून ताटात येईपर्यंत खाली पाणी अन वर कोरडे पंख. गूळ वाढवला तर चिक्की खाल्ल्यासारखं लागतंय. गोचुजांग, ती कोरियन मिरचीची पेस्ट, इथं मिळंना, ऑनलाईन मागवला तर उरलेल्या डब्याचं काय करू? बायको म्हणली येसर टाकून बघा, मी नको म्हणलो, पण विचारून ठेवतो.

रस्सावाली, नांदेड: येसर आमटीलाच ठेवा दादा, सोयासोबत त्या मसाल्याचा वास जमायचा नाही. अन आधी ते अर्धी वाटी पाणी बंद करा, दोन-तीन चमचे बास. व्हिनेगरसोबत जास्त वेळ उकळलं की कॉर्नफ्लोअर परत सैल पडतं, म्हणून व्हिनेगर गॅस बंद करताना घाला. विंग्स तळून झाकून ठेवता का? ठेवत असाल तर तीच वाफ पाणी होऊन सॉसमध्ये उतरायली. जाळीवर उघडे ठेवा, मग कडक तेलात दुसऱ्यांदा तळा, कोरियात बी दोनदाच तळतात, अन सॉसमध्ये घोळायचे ते पानं वाढल्यावर.

खवय्या_लातूर: गोचुजांग म्हणजे मिरची, चिकट तांदूळ, सोयाबीन अन मीठ आंबवून केलेलं असतंय, ती आंबूस चव हुबेहूब येणार नाही हे धरून चाला. बेडगी गरम पाण्यात भिजवून, बिया काढून वाटा, रंग मस्त येतो अन फार जाळ बी नाही. तिखटपणाला थोडी लवंगी. गूळ निम्मा करा, बाकीचा गोडवा मधाचा, तो गॅस बंद केल्यावर. मीठ वेगळं अजिबात नको, सोयातच लई असतंय.

धागाकर्ता: झाकूनच ठेवत होतो ताई, डब्यात! एक शेवटचं, शनिवारी रात्रीच सॉस करून फ्रीजमध्ये ठेवला तर चालंल का? रविवारी सकाळी लाईटचा भरोसा नाही, मिक्सर बंद पडला की झालं.

रस्सावाली, नांदेड: चालंल की. फक्त कॉर्नफ्लोअर तेव्हा घालू नका, गार झालं की ते पाणी सोडतंय. रविवारी गरम करताना थंड पाण्यात कालवून घाला.