मदत हवी आहे : छोट्या अंगणात शिंजीर (सूर्यपक्षी), बुलबुल यावेत म्हणून काय लावू?

नमस्कार मंडळी,
नाशिकच्या इंदिरानगरला राहते. घरापुढे जेमतेम दहा बाय पंधरा फुटांची जागा आहे, ऊन दुपारी तीनपर्यंत. होळीच्या सुमारास पांडवलेणीकडे गेलं की पळस, पांगारा, काटेसावर नुसते पेटलेले असतात आणि त्यांवर साळुंक्या, कोतवाल, बुलबुल यांची गर्दी! आमच्याकडे मात्र कबुतरंच. (कबुतरांवर उपाय सांगू नका, सगळे करून झाले.)

पांगारा, सावर इथे मावणार नाहीत, हे कळतं. सध्या कुंडीत जास्वंद आणि कुंपणाला हमेलिया आहे. हमेलियाच्या नळीसारख्या केशरी फुलांवर शिंजिराची जोडी अधूनमधून येते, पण टिकत नाही. उन्हाळाभर मध देणारं, छाटून आटोक्यात राहणारं आणखी काय लावता येईल? बुलबुलांसाठी कढीपत्ता ठेवावा म्हणते, त्याची पिकलेली फळं ते खातात. बहावा हवासा वाटतो, पण भिंतीपासून चार फुटांवर लावला तर मुळांचा त्रास होईल का?

खरी अडचण जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाची (रस शोषणारी पांढरी, कापसासारखी कीड). नर्सरीवाले फवारणीचं औषध देतात, ते मला नको. शिंजीर मध पीत असला तरी पिल्लांना किडे आणि कोळीच भरवतो. नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने हा ढेकूण जातो का? की निंबोळी अर्क लागेलच? आणि तो फुलोऱ्यात मारला तर चालतो?

पाण्याचं पसरट मातीचं भांडं ठेवलंय. शेजारचा बोका तिथेच दबा धरून बसतो. भांडं किती उंच टांगावं? नाशिककरांचे अनुभव आधी वाचायला आवडतील.