बाबा १९९२ ला कुवेतमध्ये जळके रणगाडे ओढायचे. आता 'युरेनियम काढायला' ड्रिप लावा म्हणतात. लावू का?

खेडकरीण:
नमस्कार. जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

माझे बाबा (वय ६९) १९९२ ते ९५ कुवेतला लो-बेड ट्रेलरवर ड्रायव्हर होते. १९९१ चं आखाती युद्ध संपलेलं. वाळवंटात पडलेले जळके रणगाडे, ट्रक क्रेनने ट्रेलरवर चढवायचे आणि यार्डात नेऊन टाकायचे, हे काम. घरी एक फोटो आहे. बाबा आणि दोन मल्याळी मित्र रणगाड्यावर बसून डबा खातायत, बाबांचा एक हात तोफेच्या नळीवर. मास्क-बिस्क काही नाही. "तेव्हा कोण काय बोललं नाय," एवढंच म्हणतात. तिथून आठवण म्हणून आणलेला धातूचा एक काळपट तुकडाही शोकेसमध्ये आहे. अंगठ्याएवढा जाड, वीतभराला थोडा कमी.

बाबांना १४ वर्षं डायबिटीस आहे. आता क्रिएटिनिन (रक्तातली किडनीची तपासणी) १.९ आलंय, म्हणजे वाढलेलं. भावाच्या ओळखीने त्यांना एका 'डिटॉक्स' सेंटरला नेलं. तिथे आधी एक ड्रिप लावली, मग सहा तासांची लघवी गोळा केली. रिपोर्टमध्ये युरेनियमपुढे लाल बाण! शिवाय म्हणे, रक्तातली साखर आटोक्यात असून लघवीत साखर ++ येते, म्हणजे युरेनियमने किडनीच्या नळ्या खाल्ल्या. २० ड्रिपचं पॅकेज, १ लाख ४० हजार. १५ हजार भरून बसलोय. सोमवारपासून सुरू करायचंय. बाबा रात्र रात्र जागे असतात, नातवाला जवळ घेत नाहीत. काय करू?

गामावाला:
ताई, सोमवारची ड्रिप आधी थांबवा. बाकीचं सावकाश वाचा.

मी डॉक्टर नाही. वेल्डिंगचे जॉइंट तपासणारा रेडिओग्राफर, २२ वर्षं साइटवर. आमच्या गामा कॅमेऱ्यात किरणोत्सर्गी आयरिडियमची गोळी असते आणि तिच्याभोवतीचं कवच डिप्लीटेड युरेनियमचं, रणगाड्यांवर मारलं तेच. डबा दिसतो शिलाई मशिनच्या डोक्याएवढा, पण उचलायला गेलात की खांदा खाली ओढतो. शिशाच्या १.७ पट जड धातू हा. त्या वजनासाठीच कवचात वापरतात आणि रणगाडा फोडायच्या गोळ्यांतही. नैसर्गिक युरेनियममधून अणुभट्टीसाठी कामाचं यू-२३५ काढून घेतलं की उरतो तो चोथा. नैसर्गिकमध्ये यू-२३५ असतं ०.७२ टक्के, यात ०.२ च्या आसपास. किरणोत्सर्ग नैसर्गिकच्या साधारण ६० टक्के. त्यातले अल्फा किरण कातडीसुद्धा ओलांडत नाहीत. बाबांच्या अंगातून किरण निघून नातवाला लागतील ही भीती आजच काढून टाका.

धोका धुळीचा. गोळी चिलखतावर आदळते, पेट घेते आणि बारीक ऑक्साइडची धूळ उडते. त्या क्षणी रणगाड्यात असलेल्यांच्या, किंवा लगेच आत शिरून जखमींना काढणाऱ्यांच्या छातीत ती सगळ्यात जास्त गेली. वर्षभराने बाहेरून साखळी लावून ओढणाऱ्याच्या वाट्याला त्यातली किती येणार? आणि प्रत्येक जळका रणगाडा युरेनियमच्याच गोळीने जळला असंही नाही. कुवेतमधल्या अशा जागा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००२ मध्ये तपासल्या, मोडके रणगाडे आणून टाकलेलं उम्म अल-क्वातीचं यार्डही. तिथे मिळणारा डोस काळजी करण्याजोगा निघाला नाही. पण सुटा तुकडा सापडला तर उचलून घरी नेऊ नये, हेही तेवढंच खरं.

म्हणून तो शोकेसमधला तुकडा! घासू नका, कानशीने तर अजिबात नाही, या धातूचा कीस पेट घेतो. प्लास्टिकच्या डब्यात घालून वेगळा ठेवा.

आणि रिपोर्टबद्दल. आधी धातू ओढून काढणारं औषध टोचायचं आणि मग लघवी तपासायची, तर बाण लाल येणारच. तुलनेचे आकडे औषध न घेतलेल्या माणसांचे असतात. माझी लघवी तशी तपासा, माझाही लाल येईल. विहिरी-बोअरच्या पाण्यातून युरेनियम सगळ्यांच्याच पोटात जातं. ते रणगाड्याचं की विहिरीचं, हे यू-२३५ आणि यू-२३८ (युरेनियमचा उरलेला, जड प्रकार) यांचं प्रमाण मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये ते प्रमाण आहे का? पैज लावतो, नसेल.

उलटतपासणी:
सगळं छान, पण तिकडे इराकमध्ये बसऱ्याच्या पोरांचं काय? कॅन्सर, व्यंग घेऊन जन्मलेली मुलं, हे सगळं खोटं? ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांचेच डॉक्टर 'काही होत नाही' म्हणणार.

गामावाला:
खोटं कोण म्हणतंय? इराकी डॉक्टर ते वर्षानुवर्षं सांगतायत, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २००७ पासून यावर ठराव होत आलेत. पण तिथे जळत्या तेलविहिरी, रसायनं, उपासमार, औषधांची टंचाई सगळं एकदम कोसळलं. त्यातून एकट्या युरेनियमचा वाटा अजून कुणाला वेगळा काढता आलेला नाही. मला स्वतःला विचाराल तर ही गोळी वापरूच नये. मात्र तो वाद वेगळा आणि ताईंच्या बाबांची किडनी वेगळी.

मूत्रपिंडवाला_डॉ:
उलटतपासणी, तुमचा संशय रास्त आहे, म्हणून आकडा नाही, माणसं बघू. १९९१ मध्ये अमेरिकन सैनिकांवर चुकून स्वतःच्याच फौजेच्या युरेनियम गोळ्या लागल्या. काहींच्या मांसात ते तुकडे आजही आहेत. बाल्टिमोरच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात १९९३-९४ पासून दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी होते. लघवीत युरेनियम इतकी वर्षं सतत जास्त येतंय, तरी किडनी निकामी झालेली दिसत नाही. सर्वांत जास्त युरेनियम असलेल्यांत नळ्यांवर अगदी बारीक परिणाम, तोही प्रयोगशाळेतच दिसण्याजोगा. गट लहान आहे, ऐंशीच्या आसपास. त्यामुळे एखादा विरळा कॅन्सर होतच नाही, असं त्यावरून म्हणता येणार नाही. किडनीपुरतं मात्र बोलता येतं.

खेडकरीणताई, आता उपचार. युरेनियमवर उतारा असं औषध नाही. विरघळणारं युरेनियम एकदम मोठ्या प्रमाणात पोटात किंवा छातीत गेलं, तर लगेच सोडियम बायकार्बोनेट देऊन लघवी अल्कली करतात, म्हणजे ते नळ्यांत न अडकता वाहून जातं. हे पहिल्या काही तासा-दिवसांचं काम. रक्तात आलेल्याचा बहुतेक भाग तसाही काही दिवसांत लघवीवाटे जातो. मोठा तुकडा रुतला असेल तर शस्त्रक्रिया. तीस वर्षांनी ड्रिप लावून काढण्याजोगं काही उरत नाही. प्लुटोनियमवर चालणारं डीटीपीए युरेनियमला देत नाहीत. ईडीटीए (धातू ओढून काढणारं दुसरं औषध) असेल तर क्रिएटिनिन १.९ असलेल्या माणसाला ते किडनीवरच बसू शकतं, कॅल्शियमही घसरू शकतं. कुठलं औषध टोचलं ते लेखी मागा.

मला तीन गोष्टी सांगा. एक, बाबा डापाग्लिफ्लोझिन किंवा नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेली गोळी घेतात का? दोन, डोळ्यांचा पडदा तपासलाय का? तीन, गुडघ्यांसाठी काय घेतात?

खेडकरीण:
डॉक्टरसाहेब, डापाग्लिफ्लोझिन गेल्या वर्षीपासून चालू आहे. पडदा दोन वर्षांपूर्वी तपासला होता, 'साखरेमुळे बदल' असं लिहिलंय. गुडघ्यांसाठी काही घेत नाहीत म्हणाले. मग आईने शर्टाच्या खिशातून डायक्लोची पट्टी काढून दाखवली. दहातल्या सात संपलेल्या.

मूत्रपिंडवाला_डॉ:
मग झालं. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते, तेच तिचं काम आहे. लघवीत ++ येणं म्हणजे बाबा गोळी वेळेवर घेतायत. ती चांगली गोळी आहे, कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. पडद्यावर साखरेचा परिणाम असेल तर किडनीवरही तोच असण्याची शक्यता दाट. डायक्लो ही दुखण्यावरची गोळी मात्र किडनीवर बसते, ती आजपासून बंद. लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर करून घ्या. डायबिटीसमध्ये गाळणीतून अल्ब्युमिन गळतं, युरेनियमचा घाव असतो पुढच्या नळीवर. कागद घेऊन जवळच्या नेफ्रोलॉजिस्टला भेटा.

खेडकरीण:
ड्रिप रद्द केली. ॲडव्हान्स परत मिळत नाही म्हणाले, 'हवं तर त्यात फेशियल घ्या'. रिपोर्टमध्ये ते प्रमाण नाहीच, गामावाला दादा पैज जिंकले.

आणि दादा, रागावू नका. तुमचं उत्तर वाचायच्या आधीच माझ्या नववीतल्या मुलाने शाळेतला आर्किमिडीज काढला. तुकडा सोनाराकडे तोलून आणला, ३१२ ग्रॅम. मग दोऱ्याने बांधून मापाच्या भांड्यात सोडला, पाणी ४० मिली चढलं.

गामावाला:
रागावलोच आहे, पण पोरगं हुशार आहे. ३१२ भागिले ४० म्हणजे ७.८. लोखंड. युरेनियम असतं तर पाणी जेमतेम १६ मिली चढलं असतं, शिसं असतं तर २७-२८. ट्रेलरचीच एखादी पिन असणार.

खेडकरीण:
बाबांना सांगितलं. पहिल्यांदा म्हणाले, "पिन नाय, रणगाड्याचाच हाय तो." मग तुकडा घेऊन पुन्हा शोकेसमध्ये ठेवला. दुपारी नातू मांडीवर होता. अल्ब्युमिनची तपासणी गुरुवारी आहे, आकडा आला की इथेच टाकते.