नाटुकली: वर्गातल्या खोड्या मंचावर खऱ्या कशा वाटतील?

शेवटचा_बाक

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी वीस मिनिटांची नाटुकली बसवतोय. नववीचा वर्ग, एकच तास, एक सर आणि बाकांवर बारा जण. खोड्या ठरल्या आहेत: सर फळ्याकडे वळले की सगळ्यांनी तोंड मिटून ‘हूंऽऽ’ करायचं, आरशाचा कवडसा नाचवायचा, खडू फळ्यावर उमटूच द्यायचा नाही आणि कागदी विमान सोडायचं. शिवाय खडूचा तो अंगावर काटा आणणारा आवाज हवाच. हॉल साधा आहे, शेवटची रांग १५ मीटरवर. प्रेक्षकांत शिक्षकही असतील, त्यामुळे सरांचा विदूषक होता कामा नये. हे प्रकार मुळात कसे घडतात, मंचावर कसे साधायचे आणि कुठे फसतात, ते जाणकारांनी सांगावं.

ध्वनी_आणि_वायर

आवाजाचे दोन प्रकार तेवढे घेतो.

‘हूंऽऽ’ करणारा सापडत नाही, त्याची कारणं साधी आहेत. बंद खोलीत आवाज भिंतींवरून परतत असतो, तेव्हा कान दिशा पकडतो ती मुख्यतः आवाज सुरू होण्याच्या क्षणावरून. हुंकार शून्यातून हळूहळू चढवला की तो क्षणच हाती लागत नाही. त्यात दहा-बारा ठिकाणांहून एकाच पट्टीतला आवाज आला की कुठे बघावं कळत नाही. म्हणून पोरांना सांगा: सुरुवात दोघांनी करायची, बाकीच्यांनी तीन-चार सेकंदांत मिसळायचं. पट्टी खालची ठेवा, पण सगळ्यांना एकच. एका श्वासात हा आवाज दहा-पंधरा सेकंद टिकतो, तेव्हा श्वास आळीपाळीने घ्यायचा, नाहीतर मधेच सगळा वर्ग एकदम गप्प होतो आणि मजा जाते.

हमखास फसतं ते थांबताना. सर वळले आणि बाराही जण एका ठोक्यावर थांबले, की ती कवायत वाटते. एकाचा आवाज अर्धा सेकंद मागे रेंगाळू द्या. हशा तिथेच येतो.

हा आवाज नाकातून बाहेर पडतो. तोंड मिटून नाक दाबलं की हुंकार क्षणात बंद. सरांच्या पात्राला हे माहीत असेल तर त्याचा उपयोग करता येईल.

आता खडू. तो फळ्याला चिकटतो, ताण वाढला की सुटतो, पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला हजारो वेळा झालं की किंचाळी निघते. ती मुद्दाम काढायची तर नवा, अख्खा खडू घ्या, अगदी मागच्या टोकाला धरा, फळ्याशी जवळपास काटकोन करा आणि दाबून पुढे रेटा. खडू मधोमध मोडून टोकाजवळ तिरका धरला की आवाज बंद. म्हणून तर अनुभवी शिक्षक नवा खडू आधी मोडतात. दोन ते चार हजार हर्ट्झचा पट्टा माणसाला सगळ्यात असह्य होतो. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिचा अनुनाद तीन हजारांच्या आसपासच पडतो.

मंचावर मात्र या आवाजाचा भरवसा धरू नका. रंगवलेल्या प्लायवर तो कधी येतो, कधी नाही. आधी रेकॉर्ड करून ठेवा आणि छोटा स्पीकर फळ्याच्या मागे लपवा. हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून वाजवलात तर खडू मधोमध आणि किंचाळी कोपऱ्यात, असं होईल. आणि आवाज बेताचाच ठेवा, पहिल्या रांगेत वयस्कर मंडळी असतात.

भिंग

कवडशाबद्दल.

आरसा जेवढ्या अंशाने फिरतो त्याच्या दुप्पट अंशाने परावर्तित किरण फिरतो. सहा मीटरवरच्या भिंतीवर बघायचं तर मनगट एक अंश हललं की कवडसा सुमारे २१ सेंटिमीटर सरकतो. त्यामुळे खरा कवडसा कधी स्थिर नसतो, धरणाऱ्याची नाडीसुद्धा त्यात दिसते. दुसरं म्हणजे आकार. आरसा चौकोनी असला तरी लांबवर कवडशाचे कोपरे बोथट होतात, आणि आरसा लहान असेल तर तो चक्क गोल दिसतो. सूर्य आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे सहा मीटरवर कडा पाच-साडेपाच सेंटिमीटर पसरते. घड्याळाच्या काचेचा कवडसा गोल दिसतो, कंपासपेटीच्या झाकणाचा वेडावाकडा आणि लांबट, कारण पत्रा सपाट नसतो.

मंचावर ऊन नसणार, तेव्हा विंगेतून टॉर्च. पुढे-मागे सरकणाऱ्या भिंगाचा एलईडी टॉर्च घ्या. पूर्ण आवळला तर भिंतीवर एलईडीचा चौकोनी ठसा उमटतो, म्हणून किंचित सैल ठेवा, ठिपका गोल होईल. टॉर्च एक अंश फिरला तर ठिपकाही एकच अंश फिरतो. त्यामुळे कवडसा संथ आणि खोटा वाटतो. टॉर्चवाल्याने लहान, झटकेदार उड्या मारायला हव्यात. बाकावरच्या पोराने हातातला आरसा विंगेकडे बघत त्याच तालात हलवायचा. या जोडीची तालीम सगळ्यात जास्त करा.

कवडसा फळ्यावर नको. काळा रंग उजेड गिळतो, १५ मीटरवरून काही दिसणार नाही. सरांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर किंवा फिक्या भिंतीवर पाडा, आणि तिथले मंचाचे दिवे उतरवा.

लेझर चालणार नाही. प्रेक्षकांच्या किंवा नटाच्या डोळ्यांत गेला तर नाटुकली तिथेच संपेल. खरा आरसाही उन्हात कोणाच्या चेहऱ्यावर धरू नये.

रंगपेटी

खडू न उमटण्यासाठी मूळ खोडीत फळ्यावर मेणबत्ती घासतात. खडू झिजतो तो फळ्याच्या खरखरीवर. मेणाने ती बुजली की खडू नुसता घसरतो. हॉलच्या फळ्यावर हे अजिबात करू नका. मेण पाण्याने निघत नाही आणि दुसऱ्या दिवशी ज्याला तिथे शिकवायचं असतं तो शिव्या घालतो. एक सेंटिमीटर जाडीची गोल लाकडी काडी आठ सेंटिमीटर लांब कापा, मॅट पांढरा रंग द्या, टोक थोडं घासून बोथट करा. लांबून हुबेहूब खडू. खरा खडू आणि ही काडी एकाच खोक्यात ठेवा, म्हणजे सरांना दोन्ही आलटूनपालटून उचलता येतील. मात्र काडीवर बोटाने कळेल अशी एक खाच पाडा, नाहीतर ऐन वेळी नटच गोंधळेल.

फळ्यावरचं अक्षर: दर तीन मीटरला अडीच सेंटिमीटर उंची धरा. तुमच्या शेवटच्या रांगेसाठी साडेबारा. म्हणजे फळ्यावर दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त काही मावणार नाही, संवाद त्या बेताने लिहा.

विमान साध्या ए-फोर कागदाचं चालेल. नाक वर करून मधेच गडगडलं तर नाकाला एक क्लिप लावा. सरळ खाली झेपावलं तर पंखांच्या मागच्या कडा दोन-तीन मिलिमीटर वर वळवा. पंखे चालू असतील तर या सगळ्याला अर्थ नाही. शिवाय प्रेक्षकांच्या दिशेने सोडू नका, टोक डोळ्यात जातं.

हजेरीपट

वरचं सगळं ठीकच. पण प्रश्नातलं ‘सरांचा विदूषक होता कामा नये’ हे कोणीच घेतलं नाही, आणि नाटुकली उभी राहील ती त्यावर.

जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रीकरण करून शिक्षकांचा अभ्यास केला होता, ते काम १९७० साली प्रसिद्ध झालं. वर्ग ताब्यात असलेल्या आणि नसलेल्या शिक्षकांत फरक नुसत्या ओरडण्याचा नव्हता. ‘याच्या पाठीलाही डोळे आहेत’ हे मुलांना पटलेलं असणं, हा होता. ते पटतं दोन गोष्टींनी: नेमक्या पोराला टोकलं आणि खोडी पसरायच्या आत टोकलं. चुकीचा पोरगा उभा केला किंवा उशिरा टोकलं, की वर्ग सुटला.

तुमची संहिता यातच आहे. पहिल्या दोन खोड्यांना सर चुकतात: एकदा माणूस चुकतो, एकदा वेळ. प्रेक्षक हसतात. तिसऱ्या खोडीला सर मागे न वळता, लिहिता लिहिता नेमकं नाव घेतात. विदूषकपणा तिथे पुसला जातो. हा क्रम उलटा केलात तर सर बिचारे वाटतील.

सरांनी ओळखलं कसं, हे प्रेक्षकांना दिसलं पाहिजे, नाहीतर चमत्कार वाटतो. खऱ्या खुणा कितीतरी असतात. कपाटाच्या काचेत मागचा वर्ग दिसतो. कवडसा कोणत्या खिडकीच्या उन्हातला हे कळतं, म्हणून सर काही न बोलता तेवढंच एक तावदान लोटतात. हुंकाराच्या वेळी ते बाकांमधून नुसते चालत जातात: जिथे पोचतात तिथला आवाज बसतो, पुढे गेले की मागे उठतो. मग एकेकाला धडा मोठ्याने वाचायला लावायचं. वाचणाऱ्याला हुंकार भरता येत नाही. आणि एरवी पुस्तकाकडे ढुंकूनही न बघणारा एकाएकी पानात डोकं खुपसून बसला, तर चौकशीची गरजच उरत नाही.

चापट, उठाबशा, खडू फेकून मारणं टाळा. हे विनोदी म्हणून लिहिलं जातं, पण समोर ते खाल्लेलाही बसलेला असतो.

शेवटचा_बाक

सगळ्यांचे आभार. तावदान लोटणं घेतलंच. एक अडचण आहे: सर फळ्याकडे वळले की प्रेक्षकांना पाठ दिसते. बाक प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवले तर फळा कुठे?

रंगपेटी

फळा मंचाच्या एका बाजूला, पुढच्या कडेशी साधारण ४५ अंशांत तिरका. बाक दुसऱ्या बाजूला, फळ्याकडे तोंड करून पण तेवढेच प्रेक्षकांकडे उघडे. मागची रांग १५-२० सेंटिमीटर उंच पाटांवर ठेवा, नाहीतर आरसेवाला दिसणारच नाही.

हजेरीपट

तसंही फळ्यावर लिहिताना वर्गाला पूर्ण पाठ करू नये, तिरकं उभं राहून खांद्यावरून नजर ठेवावी, हे अध्यापनाच्या प्रशिक्षणातच शिकवतात. सुरुवातीच्या खोड्यांना सरांना पूर्ण पाठमोरं उभं करा, तिसरीच्या आधी अर्धं वळवा. शिक्षक मंडळींच्या ते लगेच लक्षात येईल.