मदत हवी आहे: मिठाचं पाणी हिशेबापेक्षा कमी थंडीत गोठतं, साखरेचं जास्त. असं का?

बारावीतल्या भाचीसाठी घरी गोठणबिंदू मोजतोय. १०० ग्रॅम पाण्यात ५.८५ ग्रॅम मीठ आणि वेगळ्या १०० ग्रॅम पाण्यात ३४.२ ग्रॅम साखर, म्हणजे दोन्ही द्रावणं १ मोलल (एक किलो पाण्यात एक मोल पदार्थ). पाण्याचा स्थिरांक (१ मोललला गोठणबिंदू किती अंश उतरतो तो आकडा) १.८६ धरला तर साखरेचं −१.८६ अंशांना गोठायला हवं. मिठाचे पाण्यात दोन आयन (विद्युतभारित कण) होतात, म्हणून दुप्पट, −३.७२.

प्रत्यक्षात साखर −२.१ आणि मीठ −३.४! तीनदा केलं, फरक पडला तो ०.१ अंशाचा.

आधीच सांगतो: पाणी बाटलीतलं डिस्टिल्ड आहे. थर्मामीटर शुद्ध पाणी-बर्फात ० दाखवतो. परीक्षानळी बर्फ-मिठाच्या भांड्यात ठेवून सतत ढवळतो आणि पहिले स्फटिक दिसल्यावर पारा जिथे थोडा वेळ टिकतो तो आकडा घेतो. अतिशीतन (गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रव न गोठणं) होतं, पण त्यामुळे दोन्ही आकडे खालीच जायला हवेत, मीठ वर का? मीठ आयोडीनवालं आहे. पाकिटातल्या इतर भेसळीने (गुठळ्या न होण्यासाठी काहीतरी घालतात) एवढा फरक पडेल असं वाटत नाही. साखर ओलसर असती तर आकडा उलट दिशेला गेला असता.

विरल द्रावणाचं सूत्र १ मोललला पुरत नाही एवढं कळतं. पण एकाच सूत्राची चूक दोन उलट दिशांना कशी? मिठात आयन एकमेकांना ओढून धरतात आणि साखर पाणी स्वतःभोवती अडकवून ठेवते, हे स्पष्टीकरण बरोबर आहे का? आणि घरच्या वजनकाट्यावर (०.१ ग्रॅम) ते पडताळायला किती विरल द्रावण घेऊ?