साधं, चावीचं, महागडं घड्याळ: अनुभव आणि माहिती

टिकटिक
कपाट आवरताना जुनं चावीचं घड्याळ हाती आलं, म्हणून हा धागा. तारीख नाही, स्टॉपवॉच नाही, नुसते काटे. तरी पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं कालात्राव्हा मॉडेल १९३२ पासून आजतागायत टिकून आहे. त्याच वर्षी स्टर्न बंधूंनी कंपनी घेतली, त्यांचा मूळ धंदा डायल बनवण्याचा. डायल इतकी मोकळी की चूक लपवायला जागाच नाही. पहिलं ९६ नंबरचं जेमतेम ३१ मिमी व्यासाचं, आणि २०२१ चं ६११९ नंबरचं थेट ३९! असली घड्याळं वापरणाऱ्यांनी, उघडणाऱ्यांनी लिहा. किमतीवर भांडू नका, मशीनवर बोला.

अप्पा_घड्याळजी
चावी मनगटावरून काढूनच द्यायची. हातात असताना दिली की चावीच्या दांडीवर तिरका जोर येतो. पुढे-मागे फिरवलं तरी चालतं, मागे जाताना आतले दाते नुसते घसरतात. फेरे मोजू नका (बहुतेकांना २५ ते ३५ लागतात), कडक लागलं की थांबा. चावीच्या घड्याळात मेन स्प्रिंगचं (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) बाहेरचं टोक बॅरलला, म्हणजे तिच्या डबीला, पक्कं अडकलेलं असतं. ऑटोमॅटिकमध्ये (हाताच्या हालचालीने चावी भरणाऱ्या घड्याळात) ते घसरतं, म्हणून तिथे कडक लागत नाही.
आणि "जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं" हे खरं नव्हे. पूर्ण चावीवर थांबलं तर तेल वाळलंय किंवा कचरा अडकलाय.

मीनल_ठाणे
मस्त धागा. अप्पाकाका, सर्व्हिसिंग किती वर्षांनी?

अप्पा_घड्याळजी
ताई, पाचेक वर्षांनी. नाहीतर टायमिंग मशीनवर बघा. पूर्ण चावी, डायल वर, तेव्हा बॅलन्सचा (मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाचा) झोका २७० ते ३०० अंश हवा. २०० च्या खाली गेला की खोलायचं. चालतंय ना मग राहू दे, असं करू नका, तेल वाळलं की चाकांच्या दांड्या झिजतात.
अचानक रोज काही मिनिटं पुढे जायला लागलं तर आधी चुंबकाचा संशय घ्या. हेअरस्प्रिंगचे (बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे चिकटतात. पर्सचं बटण, टॅबचं कव्हर, स्पीकर यांपासून लांब ठेवा. डीमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व घालवणारं यंत्र) काही सेकंदांचं काम, त्यासाठी सर्व्हिसिंगचे पैसे देऊ नका.

रेल्वेरूळ
कार्तिए कंपनीचं टँक हे चौकोनी घड्याळ राहिलं की! लुई कार्तिएची कल्पना १९१७ ची, विक्री १९१९ पासून. दोन्ही बाजूच्या उभ्या पट्ट्या म्हणजे वरून दिसणारे रणगाड्याचे पट्टे, आणि त्यांचीच टोकं मनगटाचा पट्टा धरतात. पट्टा अडकवायचे वेगळे कान नाहीत म्हणून इतकं सुटसुटीत दिसतं. बऱ्याच डायलांवर रोमन सातच्या एका रेघेत बारीक अक्षरांत 'कार्तिए' लिहिलेलं असतं, भिंगाने बघा.
कार्तिएचंच जुनं 'मस्ट' मॉडेल घेणाऱ्यांनी सावध. ते भरीव सोनं नाही, ९२५ चांदीवर सोन्याचा थर. कोपऱ्यांवर चांदी उघडी पडते. पुन्हा मुलामा देता येतो, पण आधी पॉलिश करताना धार गोल होते आणि मग घड्याळाचा तोंडवळाच जातो. भरीव १८ कॅरेट सोन्यावर ७५० चा शिक्का असतो.

फोर्टकर
जुनी ओमेगा, चार हजारांत, चकचकीत रंगीत डायल = रंगवलेली. परदेशातले शौकीन या मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. झालं नाव शहराचं 😀
तपासा: मिनिट काटा मिनिटाच्या रेघांपर्यंत पोचतो का, सहाखाली 'स्विस मेड' आहे का आणि अर्धवट कापलेलं तर नाही ना, दहापट भिंगाखाली अक्षरांच्या कडा फुटल्यात का. निळे काटे तिरके धरा. पोलाद तापवून निळं केलेलं असेल तर काळं-निळं बदलत राहतं, रंग असेल तर सपाट.
डाग पडलेली मूळ डायल रंगवलेलीपेक्षा केव्हाही बरी. कृपया रंगवून घेऊ नका.

गिअरबॉक्स
सेकंद काटा सहाजवळ छोटा का असतो? चौथं चाक मिनिटाला एक फेरा घेतं आणि ते मधोमध नसतं. काटा सरळ त्याच्याच दांडीवर बसवला की जादा चाक लागत नाही, जाडी वाचते. पाटेकचं २१५ पीएस मशीन २.५५ मिमी जाड आहे, बोला!

जनतावादी
अवांतर: एचएमटी जनता लक्झरी नाही, पण कुळी तीच. १७ ज्वेल (झीज रोखणारे खडे), सेकंदाला ५ ठोके, कोणीही उघडू शकतो.

फोर्टकर
+१. आणि तिच्याही डायला रंगवून विकतात.

कोकणकन्या
पावसाळ्यात काय करता? चामडी पट्ट्याला बुरशी.

अप्पा_घड्याळजी
जून ते सप्टेंबर नायलॉनचा पट्टा. चामडी पट्टा कोरडा करून सिलिका जेलबरोबर डब्यात, पण प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नको. केसवर ३ बार (पाणी सोसण्याचं माप) लिहिलं असलं तरी आंघोळीला नाही. काचेला आतून वाफ दिसली तर त्याच दिवशी उघडून घ्या, पोलादी दांडीला गंज लगेच धरतो. तांदळात बिंदळात ठेवू नका.

मीनल_ठाणे
१७ मिमीचा पट्टा कुठेच मिळत नाही हो. १६ लावला तर फट दिसते.

रेल्वेरूळ
१८ चा घ्या. कानाजवळच्या टोकाला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिमी पात्याने तासा. शिलाई कडेला अगदी चिकटून असेल तो पट्टा नको, दोरा सुटेल. आणि स्प्रिंग बार (पट्टा कानात अडकवणारी काडी) मात्र १७ चाच.