टीव्हीला जोडायच्या मशीनवर रिअल-टाइम स्ट्रॅटेजी जमते का? सल्ला हवा

कपाशी_दारव्हा
राम राम मंडळी. दारव्ह्याजवळच्या खेड्यातून लिहितो आहे. कपाशीचा वेचा आटोपला की घरी टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन घ्यायचा विचार आहे. अमरावतीला शिकत असताना होस्टेलवर 'एज ऑफ एम्पायर्स २' खूप खेळलो. गावकरी लाकडं तोडायला धाडायचे, शेतं लावायची, मग फौज उभी करायची, हे मला अजूनही फार आवडतं. धाकट्या भावाची दहावी झाली की त्यालाही शिकवायचं आहे.

अडचण अशी की सगळे म्हणून राहिले, स्ट्रॅटेजी (पाळी न बघता चालत्या वेळात डावपेच लढवायचे असे खेळ) फक्त कॉम्प्युटरवर, कंट्रोलरवर (हातात धरायच्या बटणांच्या यंत्रावर) जमतच नाही. खरं आहे का? घरात टेबल-खुर्चीला जागा नाही, ३२ इंची टीव्ही आहे. बजेट ३५ हजारांच्या आसपास. नेट मोबाईलचंच, आणि लाईन (वीज) कधीही जाते.

आर्वीचा_गडी
भाऊ, कन्सोलचा, म्हंजे त्या टीव्हीच्या मशीनचा, नाद सोड. जुना कॉम्प्युटर घे अन् तोच टीव्हीले जोड. एज ऑफ एम्पायर्स त्याच्यावर मस्त चालते. माऊस नसन तं ह्या खेळात मजाच नाही.

संत्राबाग_वरुड
आर्वीच्या भाऊंचं अर्धं पटतं. माऊस जिथं नेला तिथं पडद्यावरचा बाण (कर्सर) लगेच पोचतो. कंट्रोलरची स्टिक फक्त दिशा आणि वेग देते, बाण पडदाभर चालत न्यावा लागतो. त्यात कीबोर्डवर १, २, ३ दाबून फौजेच्या तुकड्या बोलावता येतात, ती सोय इथं नाही. म्हणून कॉम्प्युटरचा खेळ जसाच्या तसा उचलून कन्सोलवर आणला की तो फसतो. १९९० च्या दशकात हेच होत गेलं. 'कमांड अँड कॉन्कर' प्लेस्टेशनवर आला तेव्हा त्याला माऊस जोडायची सोय ठेवावी लागली होती. 'स्टारक्राफ्ट' २००० साली निन्टेंडो ६४ वर आला, पण त्या खेळाचा जीव कॉम्प्युटरवरच राहिला.

पण या प्रकाराची सुरुवातीची पावलं कन्सोलवरही पडली आहेत, हे लोक विसरतात. 'हर्झोग झ्वाय' हा खेळ सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलवर १९८९ मध्ये आला, या प्रकाराचा साचा घालणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या 'ड्यून २' च्या तीन वर्षं आधी. त्यात बाणच नाही. खेळणारा स्वतः एक यंत्र उडवतो, सैनिक उचलून नेतो, हवे तिथं सोडतो आणि हुकूम देतो. म्हणजे खेळ कंट्रोलर डोळ्यांपुढे ठेवूनच रचला होता.

तसाच 'हेलो वॉर्स', २००९, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलसाठी. तो केला एन्सेम्बल स्टुडिओने, म्हणजे ज्यांनी एज ऑफ एम्पायर्स केला त्यांनीच. तळ ठरलेल्या जागीच बांधायचा. एक बटण दाबलं की सगळी फौज निवडली जाते, दुसरं दाबलं की पडद्यावर दिसते तेवढीच. पहिल्या काही आठवड्यांतच १० लाखांवर प्रती खपल्या. दुर्दैव असं की मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद करायचं आधीच ठरवलं होतं. पुढचा भाग २०१७ मध्ये दुसऱ्या स्टुडिओने केला.

म्हणून माझं ठाम मत: कन्सोलवर स्ट्रॅटेजी चालते, फक्त हुकूम थोडे आणि वजनदार हवेत. मिनिटाला शेकडो क्लिक करायची स्पर्धा तिथं नाही आणि ती अपेक्षाही धरू नये.

मेहकरी
आणि तुमचा आवडता खेळ आता कन्सोलवरच आहे की. 'एज ऑफ एम्पायर्स २' ची डेफिनिटिव्ह एडिशन (नव्यानं सजवलेली आवृत्ती) जानेवारी २०२३ मध्ये एक्सबॉक्सवर आली, 'एज ऑफ एम्पायर्स ४' त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. गावकऱ्यांची वाटणी खेळच करतो. धान्यावर जोर द्यायचा की लाकडावर की सोन्यावर, एवढं ठरवून द्यायचं, माणसं आपोआप कामाला लागतात.

आर्वीचा_गडी
सगळं खेळच करून राहिला तं आपण काय करायचं?

मेहकरी
ठरवायचं, दादा. कधी पुढच्या युगात जायचं, घोडदळ काढायचं की भिंत बांधायची, सोनं संपत आलं तर बाजार मांडायचा का, हे सगळं आपल्याच हाती आहे. एकेक गावकरी निवडून झाडापाशी नेणं ही हाताची मेहनत होती, तेवढी कमी झाली. मला त्यात काही गमावल्यासारखं वाटत नाही. आणि कोणाला पटत नसेल तर एक्सबॉक्सला यूएसबी माऊस आणि कीबोर्ड जोडून हे दोन्ही खेळ खेळता येतात. पाट मांडीवर घेतला की झालं, टेबल लागत नाही.

कपाशी_दारव्हा
हे तर माहीतच नव्हतं! मग एक्सबॉक्स सिरीज एस बघतो. नेटचं काय करू? आणि दोघा भावांना एकाच टीव्हीवर खेळता येईल का?

संत्राबाग_वरुड
सिरीज एस ला डिस्कची खाचच नाही, सगळं नेटवरून उतरवावं लागतं आणि हे खेळ बरेच जीबी खातात. मोबाईलच्या डेटावर आठवडा निघून जाईल. यवतमाळला कोणा नातेवाइकाकडे फायबर असेल तर मशीन पिशवीत घालून तिथं न्या, रात्रभरात उतरवून आणा. सेटिंगमध्ये तेच मशीन 'होम एक्सबॉक्स' करून ठेवा, म्हणजे विकत घेतलेला खेळ नेट नसतानाही चालतो.

लाईनसाठी: मशीन झोपवून (स्लीपवर) ठेवू नका, पूर्ण बंद करायचा पर्याय निवडा. खेळताना युग बदललं की सेव्ह करायची सवय भावालाही लावा. इन्व्हर्टर असेल तर टीव्ही आणि मशीन दोन्ही त्यावरच घ्या, एकट्या टीव्हीला देऊन उपयोग नाही.

एका टीव्हीवर दोघं मात्र अवघड आहे. पडदा दोन भागांत केला की नकाशा निम्मा दिसतो आणि समोरच्याची फौज कुठं लपली तेही कळतं. त्यामुळे एज ऑफ एम्पायर्समध्ये ती सोय नाही, आळीपाळीनं खेळावं लागेल.

वणी_वाला
दोघांसाठी 'टूथ अँड टेल' बघा. उंदरा-प्राण्यांची लढाई आहे, २०१७ चा खेळ, प्लेस्टेशन ४ आणि कॉम्प्युटरवर. एकच सरदार हातात असतो, त्यानं बोलावलं की फौज मागे येते, आणि पडदा वाटून दोघं खेळू शकतात. निन्टेंडो स्विच घेणार असाल तर 'पिकमिन ३ डिलक्स', त्यात दोघं भाऊ मिळून पूर्ण गोष्ट खेळू शकता. पण तुमचं मन एज ऑफ एम्पायर्समध्ये आहे, तर एक्सबॉक्सच घ्या.

कपाशी_दारव्हा
ठरलं, एक्सबॉक्स. भाऊ नवखा आहे, सुरुवात कशी करून देऊ?

मेहकरी
खेळातली विल्यम वॉलेसची (स्कॉटलंडचा लढवय्या) मोहीम, म्हणजे एकामागून एक लढायांची गोष्ट, शिकण्यासाठीच केलेली आहे, ती आधी. वेग 'स्लो' वर ठेवा. हात बसला की २०२२ ची 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' ही त्याच खेळाची पुरवणी वेगळी विकत मिळते, त्यात राजेंद्र चोळ, देवपाल आणि बाबर यांच्या मोहिमा आहेत. त्यातली राजेंद्रची मी आधी सुचवेन, जहाजं भरपूर वापरायला मिळतात.